दुसऱ्या मालकाचं यंत्र

मंडळी, या शनिवारी जरा जड विषय घेतोय. जड म्हणजे अगदी शब्दशः. पावणेतीन ते साडेतीन किलो, आणि विटेएवढा चार्जर वेगळा! 'मोबाइल वर्कस्टेशन' नावाची लॅपटॉपची एक जात आहे, तिचा हा छोटासा इतिहास. तसा तो कुठल्याही जाहिरातीत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर मिळेल, पण तिथे तो पहिल्या मालकाच्या बाजूने लिहिलेला असतो. मला तो दुसऱ्या मालकाच्या बाजूने सांगायचाय. आणि दुसरा मालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमचा बुलढाणा जिल्हा येतो. का ते पुढे कळेलच.

आधी ही भानगड काय ते बघू. साधा लॅपटॉप मेल, एक्सेल, इंटरनेट यांसाठी. वर्कस्टेशन मात्र थ्री-डी ड्रॉइंग, सिम्युलेशन, नकाशे, व्हिडिओ असल्या दमवणाऱ्या कामांसाठी. म्हणजे तगडा प्रोसेसर, भरपूर रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि कॅटिया किंवा सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर यावर नीट चालतं अशी त्या सॉफ्टवेअरवाल्यांची मोहोर. १९९० च्या दशकात टॅडपोल नावाच्या ब्रिटिश कंपनीने सनच्या स्पार्क प्रोसेसरवर चालणारी 'स्पार्कबुक' काढली होती. ती इतकी महाग, की सामान्य माणसाने फक्त फोटो बघावा. इंटेलच्या प्रोसेसरवर ही जात खऱ्या अर्थाने उतरली २००१-०२ च्या सुमाराला. डेलचं प्रिसिजन एम ४०, पाठोपाठ आयबीएमचं थिंकपॅड ए ३१पी. मग २००८ मध्ये लेनोवोची डब्ल्यू मालिका आली, एचपीची एलिटबुकं आली, डेलचं एम ६४०० आलं. या जातीचा सुवर्णकाळ म्हणाल तर २००८ ते २०१४.

या यंत्रांचं एक वैशिष्ट्य म्हणजे ती उघडायची. उलटी करायची, चार-सहा स्क्रू काढायचे, पाठीचं झाकण सरकवायचं, की समोर सगळा संसार. हार्ड डिस्क, रॅम, वाय-फायचं कार्ड. अजून थोडं खोल गेलं की पंखा आणि हीटसिंक, आणि त्याखाली सॉकेटमध्ये बसवलेला प्रोसेसर. एक स्क्रू अर्धा फिरवला की हातात येणारा! बऱ्याच डेल आणि एचपी मॉडेल्समध्ये ग्राफिक्स कार्डसुद्धा वेगळं निघायचं. एनव्हिडियाने २००४ मध्ये त्यासाठी 'एमएक्सएम' नावाचा कार्डाचा नमुना ठरवून दिला होता.

आता प्रश्न असा, की कंपन्यांनी हे का केलं? तुमच्या-आमच्या प्रेमापोटी नक्कीच नाही. ही यंत्रं विकली जायची मोटारी, विमानं, तेलविहिरी यांच्या डिझाइन ऑफिसांना. तिथे एक इंजिनिअर दिवसभर बसून राहिला तर लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान. म्हणून विक्रीबरोबर तीन वर्षांचा करार, आणि बिघाड झाला की सर्व्हिस इंजिनिअर दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. त्याला तासाभरात पार्ट बदलून निघता यावं म्हणून यंत्र उघडणारं हवं. दुरुस्तीची पुस्तिकाही म्हणूनच खुली ठेवली. कुठला स्क्रू किती लांबीचा इथपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं असतं.

थोडक्यात काय, तर ही सोय पहिल्या मालकासाठी होती. पण तीन वर्षांचा करार संपला की पहिला मालक यंत्र टाकून मोकळा होतो. तिथून पुढची सात-आठ वर्षं ज्याच्याकडे ते यंत्र जातं, त्या सोयीचं खरं सोनं त्याने केलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. पुढे मलकापूरलाही कॉलेज आलं. म्हणजे तूर-कपाशी-सोयाबीनच्या जिल्ह्यात दरवर्षी शेकड्यांनी मुलं ड्रॉइंग, सिम्युलेशन, कोडिंग शिकायला लागली. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर असतात, पण लॅब संध्याकाळी बंद होते आणि मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रात्रीच होतो, हे जगजाहीर आहे. :)

बरं, डेस्कटॉप घ्यावा तर विजेचं काय? २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दहा-बारा तासांपर्यंत भारनियमन असायचं. आज ती स्थिती नाही, पण तेव्हा लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस वाटायची. आणि नवीन वर्कस्टेशन लॅपटॉप तेव्हाही लाखाच्या पुढे होता, आजही आहे. मग उरतो एकच मार्ग : जुना घ्यायचा.

जुना माल येतो कुठून? मोठ्या कंपन्या लॅपटॉप शक्यतो भाड्याने, म्हणजे लीजवर घेतात. मुदत संपली की शेकड्याने यंत्रं एकदम बाहेर पडतात. त्याला धंद्यात 'लॉट' म्हणतात. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगलोरचा एस. पी. रोड इथले व्यापारी हे लॉट उचलतात, पुसून-तपासून विकतात. पुण्यात नोकरीला लागलेला कुणाचा तरी दादा किंवा मामा त्यातला एक घेतो आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तो शेगाव-खामगावला पोचतो. जर्मनीतल्या कुठल्या मोटारीचा दरवाजा ज्यावर आखला गेला असेल, त्याच यंत्रावर नांदुऱ्याचा पोरगा पेरणीयंत्राचं ड्रॉइंग काढतो. मला यात कमीपणा अजिबात वाटत नाही, उलट भारी वाटतं.

आणि यंत्र उघडून नवं करणं आमच्याकडच्या लोकांना काही शिकवावं लागत नाही. किर्लोस्करचं ऑइल इंजिन ज्या घराच्या विहिरीवर धडधडलं, त्या घरात 'इंजिन बांधणे' हा शब्द लहानपणीच कानावर पडतो. पिस्टन झिजला तर पिस्टन बदला, रिंगा गेल्या तर रिंगा टाका, सिलिंडर बोअर करून आणा. अख्खं इंजिन फेकायचा विचार कुणाच्या मनात येत नाही. लॅपटॉपचंही तसंच झालं, फक्त पान्याच्या जागी छोटा स्क्रूड्रायव्हर आला.

उदाहरण म्हणून २०११ चं थिंकपॅड डब्ल्यू ५२० किंवा त्याच वर्षीचं डेल एम ४६०० घ्या. लॉटमधून येताना त्यात बहुतेक वेळा ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असायची. पहिलं काम म्हणजे डिस्क बदलून एसएसडी टाकणं. फिरणारी डिस्क एका सेकंदात विखुरलेल्या जागांहून शंभरेक वेळासुद्धा वाचू शकत नाही, कारण दर वेळी तिची सुई हलते आणि तबकडी फिरून यायची वाट बघते. एसएसडी तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. या पिढीत साटाचा वेग सेकंदाला ६ गिगाबिटपर्यंत गेला होता, त्यामुळे दहा वर्षांनी घेतलेली एसएसडीसुद्धा तिथे चांगली पळते.

दुसरं काम रॅम. डब्ल्यू ५२० च्या चार कोअरवाल्या मॉडेलला रॅमचे चार स्लॉट होते आणि ३२ जीबीपर्यंत मजल जायची. २०११ च्या यंत्रात ३२ जीबी! आजही नवे लॅपटॉप ८ किंवा १६ जीबी घेऊन येतात आणि कित्येकांची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते.

तिसरं काम प्रोसेसर. दोन कोअरचा आय-५ असलेलं एम ४६०० स्वस्तात मिळायचं. कुठल्या तरी मेलेल्या यंत्रातून काढलेला चार कोअरचा आय-७ आणायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा, थर्मल पेस्ट लावायची. मात्र पिढी तीच हवी. डब्ल्यू ५२० ला पुढच्या वर्षीचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, पण बायोस त्याला ओळख देत नाही. शिवाय थिंकपॅड आणि एचपीच्या बायोसमध्ये वाय-फाय कार्डांची मान्य यादीच असायची. यादीबाहेरचं कार्ड टाकलं की थिंकपॅड स्क्रीनवर १८०२ हा एरर दाखवून थांबायचं. सगळं उघडं असलं तरी मालकाने एक कुलूप आत ठेवलंच होतं, हे विसरून चालणार नाही.

चौथं काम ग्राफिक्स कार्ड. ते सगळ्यात नाजूक, पण त्याची किंमत २००८ मध्ये कळली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं, की लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिप्समध्ये जोडणीचं साहित्य कमकुवत निघालंय आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवतोय. चिप तापते, थंड होते, तापते, थंड होते, आणि एके दिवशी आतले सूक्ष्म सांधे तडकतात. स्क्रीनवर रेघा, मग अंधार. गल्लोगल्ली लॅपटॉपवाल्यांनी तेव्हा हीट गनने बोर्ड भाजून यंत्रं तात्पुरती जिवंत केली. काही महिन्यांनी ती परत मरायची. ज्या यंत्रात चिप बोर्डावर चिकटलेली होती त्यांना अख्खा मदरबोर्ड लागायचा, आणि तो जुन्या यंत्राच्या किमतीएवढा. ज्यांचं कार्ड वेगळं निघत होतं त्यांनी नुसतं कार्ड बदललं. (त्याचा ड्रायव्हर बसवायला फाइलमध्ये हाताने एखादी ओळ घालावी लागायची, पण ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या डाव्या हाताचा मळ.)

आता खरा विदर्भी मुद्दा : ऊन.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे, आणि खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. घाटावर जरा बरी हवा, घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. याचा लॅपटॉपशी काय संबंध? सरळ आहे. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. समजा पूर्ण कामाला लावल्यावर प्रोसेसर हवेपेक्षा ६० अंशांनी वर जातो. पुण्यातल्या एसी ऑफिसात हवा २४ अंश, म्हणजे तो ८४ ला थांबला. खामगावात दुपारी हवा ४४ अंश, म्हणजे हिशेबाने १०४. पण या प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास. मग तो स्वतःच वेग कमी करतो. २.५ गिगाहर्ट्‌झचा घोडा एक गिगाहर्ट्‌झवर टांग्याच्या चालीने चालायला लागतो, आणि मालकाला वाटतं यंत्र म्हातारं झालं.

त्यात धूळ. आणि जिनिंगच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू. पंख्यातून आत शिरून ते हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा थर धरतात. म्हणून आमच्याकडे ट्यूनिंगचा पहिला धडा सॉफ्टवेअरचा नाही, ब्रशचा. पंखा काढा, तो थर सोलून काढा, वाळून खडू झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावा. एवढ्याने दहा-पंधरा अंश खाली आलेले मी पाहिलेत.

दुसरा धडा मात्र भारीच सुंदर आहे. चिप किती वीज खाते हे व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. म्हणजे व्होल्टेज पाच टक्के कमी केलं, तर वेग तोच ठेवून वीज जवळजवळ दहा टक्के कमी. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते, कारण लाखो चिप्समधली सगळ्यात कमजोर चिपसुद्धा चालली पाहिजे. तुमची चिप कमजोर नसेल, तर ती जादा वीज नुसती उष्णता बनून जाते. ती काढून घ्यायची, याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कोअर-टूच्या काळात हे आरएमक्लॉकने करायचे, नंतर थ्रॉटलस्टॉपने. मधल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ही सोय जवळजवळ नव्हती, २०१३ च्या चौथ्या पिढीत परत आली. थोडं थोडं खाली यायचं, तासभर ताण देऊन बघायचं, अडखळलं तर एक पायरी परत वर. कार्बुरेटर ट्यून करणाऱ्या मेकॅनिकला हे सांगा, तो म्हणेल, यात नवीन काय?

मग हे सगळं गेलं कुठे?

ते गेलं मिलिमीटरमध्ये. २००८ मध्ये ॲपलने पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'चा धोशा लावला. पातळ, अजून पातळ. सॉकेटला उंची लागते, रॅमच्या स्लॉटला उंची लागते. २०१३ ची चौथी पिढी ही इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरची सॉकेटमध्ये बसणारी शेवटची पिढी ठरली. पाचव्या पिढीपासून सगळे बोर्डावर कायमचे चिकटवलेले. २०१५ मध्ये लेनोवोने डब्ल्यू मालिका संपवून पी मालिका आणली, तिच्यात प्रोसेसर निघत नाही. निदर्शनं वगैरे काही झाली नाहीत. पहिल्या मालकाला फरकच पडत नव्हता, त्याचा करार शाबूत होता. दुसऱ्या मालकाला तर कुणी विचारलंच नव्हतं.

पुढची कुलपं सॉफ्टवेअरची. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला दाखवला. व्होल्टेज खाली-वर करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं फोडता येतात, असा तो प्रकार. त्यावर आलेल्या बायोस अपडेटांनी बऱ्याच नव्या यंत्रांवरचं अंडरव्होल्टिंगच बंद केलं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणजे मी वर वर्णन केलेलं प्रत्येक यंत्र, ३२ जीबी रॅम असो की चार कोअर, अधिकृतरीत्या दाराबाहेर.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा नुसता जुन्याचा उमाळा होईल. चिकटवलेली यंत्रं हलकी असतात, त्यांची बॅटरी दिवसभर पुरते, आणि आजचा मध्यम लॅपटॉप त्या डब्ल्यू ५२० ला वेगात सहज मागे टाकतो. लिनक्स टाकलं तर जुनी यंत्रं अजून छान चालतात, कोडिंगला तर उत्तमच. पण सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅड लिनक्सवर येत नाही, आणि कॉलेजच्या परीक्षेत तेच विचारतात. फ्रीकॅडने नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० ची पायरी गाठली, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

अजून एक आशा आहे. २०२२ मध्ये डेलने आपल्या वर्कस्टेशनमध्ये रॅमचा नवा, चपटा नमुना आणला. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या संस्थेने 'कॅम-टू' नावाने त्याचं मानक ठरवलं, आणि २०२४ मध्ये लेनोवोच्या पी १ मध्ये त्याच घराण्यातली, स्क्रूने बसणारी रॅम आली. म्हणजे पातळपणा आणि बदलता येणारा पार्ट एकत्र नांदू शकतात. मिलिमीटरचं कारण पूर्ण खरं नव्हतं, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

माझं म्हणणं एवढंच. लॅपटॉप कसा बांधायचा हे पहिल्या मालकाच्या सोयीने ठरतं, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या घरी जातो. पुण्या-बंगलोरच्या ऑफिसात बसलेले आपण सगळे त्या साखळीचं पहिलं टोक आहोत. आपला चिकटवलेला, सील केलेला, ८ जीबीवर अडलेला लॅपटॉप तीन वर्षांनी आपण परत करू, तेव्हा तो ज्याच्या हातात जाईल त्याला त्यात काहीच वाढवता येणार नाही. मिळाला तसाच वापरायचा, अडला की भंगार. शेगावच्या हॉस्टेलवर २०३० मध्ये कुणी तरी तो उलटा करून स्क्रू शोधत बसलेला असेल.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसात आयटीवाल्यांनी 'कुठलं मॉडेल हवं?' असं विचारलं, किंवा स्वतःसाठी घ्यायची वेळ आली, तर वजन आणि रंगाबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : याची रॅम निघते का? डिस्क निघते का? बॅटरी चार स्क्रूंत बदलते का? दोनशे ग्रॅम जास्त वजन आपल्या खांद्याला काही जड नाही. त्या दोनशे ग्रॅममध्ये कुणाचं तरी अख्खं इंजिनिअरिंग बसतं.

असो. आजच्यापुरतं एवढंच. उन्हाळा तोंडावर आलाय, तुमच्याही लॅपटॉपचा पंखा एकदा उघडून बघा. आत काय साठलंय ते बघून हैराण व्हाल!